उबेचा पहारेकरी

नरकचतुर्दशीची पहाट म्हटली की मला आधी तांब्याचा बंब आठवतो; उटणे आणि फराळ मागाहून. आमचे बालपण ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीत गेले. वडील तिथल्या वीजघरात नोकरीला होते. कल्याण-पुणे मार्गावर १९२९ साली विजेच्या गाड्या धावू लागल्या. त्या सुमारास गाड्यांना वीज पुरवण्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने हे वीजघर उभारले. जुनी माणसे त्याला ‘चोळा पॉवर हाऊस’ म्हणत. ते बंद पडूनही आता पुष्कळ वर्षे झाली. तर अशा विजेच्या माहेरघरी राहूनही आमच्या न्हाणीघरात पाणी तापे ते लाकडाच्या ढलप्यांवर! आई पहाटे चारला उठून बंब पेटवी, घंगाळात कढत पाणी सोडी, वर विसण घाली आणि हात बुडवून पाही. तिचा हात ‘पुरे’ म्हणाला की पुरे. बंबातले पाणी निवले तर आणखी एक ढलपी सरकवायची, फार कढले तर जळते लाकूड मागे ओढायचे. जळण आणि ऊब यांच्यामध्ये तिचा हात पहाऱ्याला उभा असे.

पुढे मी नोकरीला लागलो तो ठाण्याला, वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात. तिथल्या भट्ट्यांची उष्णता ठरावीक अंशावर राखणारी उपकरणे बसवणे आणि दुरुस्त करणे हे माझे काम. आई जे हाताने करी, तेच मी तारा आणि रिले यांच्याकडून करवून घेत होतो. चौतीस वर्षे मी हेच केले आणि या विद्येचा मला थोडा गर्वही होता. तो २०२२ सालच्या डिसेंबरात एका सापाने उतरवला. ती हकीकत सांगावी, आणि तिच्या निमित्ताने या उबेच्या पहारेकऱ्याचा चारशे वर्षांचा इतिहासही वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

आमची नात प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. एका संध्याकाळी ती डोंबिवलीच्या आमच्या बिऱ्हाडी एक काचेची पेटी घेऊन आली आणि पेटीत साप! आमच्या सौभाग्यवतींनी दोन दिवस स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेतले होते. साप होता बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला एक लहानखुरा, बिनविषारी अजगर. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो, म्हणून हे नाव. नातीच्या एका मैत्रिणीने तो हौसेने पाळला होता, पण तिला सांभाळणे जमेना. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर एखादा उत्साही वाचक उद्या येऊरच्या जंगलातून धामण उचलून आणायचा. नाग, धामण, अजगर यांसारखा देशी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींतही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत ज्या आहेत, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे आणि नातीने ती नोंद यथावकाश केली.

“आजोबा, याला ऊब लागते,” ती म्हणाली. “पेटीच्या एका टोकाला बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला सव्वीस. तुम्ही बसवून द्याल?”

भट्ट्या सांभाळलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? मी पेटीच्या एका अंगाखाली हीट मॅट घातली. ही म्हणजे विजेवर तापणारी चपटी गादी. तिची वीज थर्मोस्टॅटमधून नेली आणि आकडा बत्तीसवर लावला. थर्मोस्टॅटला एक लांब तार असते आणि तिच्या टोकाला मोहरीएवढा मणी. पेटी किती तापली हे त्या मण्याला कळते. तार खाली लोंबत राहिली तर वाईट दिसेल, म्हणून मी तो मणी काचेच्या भिंतीला आतून वीतभर उंचीवर चिकटवून टाकला. काम कसे नीटनेटके दिसत होते!

पाचव्या दिवशी सापाच्या पोटाखालचे खवले लालसर होऊन फुगले होते. मी पेटीच्या तळावर तळहात ठेवला आणि झटक्याने मागे घेतला. तवाच तो! थर्मोस्टॅटचा आकडा मात्र शांतपणे सत्तावीस दाखवत होता. आकडा खोटा नव्हता. वीतभर उंचीवरची हवा खरोखरच सत्तावीस अंश होती. डिसेंबरातली गार रात्र, काचेची पेटी, वर जाळीचे झाकण. ती हवा बत्तीसला कशी पोचणार? आणि ती पोचेपर्यंत वीज चालू ठेवायची, हा तर मीच दिलेला हुकूम. पहारेकरी पाच दिवस हुकूम पाळत राहिला आणि खाली बिचारे मुके जनावर भाजत राहिले.

तिथून साप उठून का गेला नाही, हा प्रश्न मलाही पडला. ठाण्याच्या पशुवैद्यांनी सांगितले की, उन्हाची झळ वरून आली तर साप हलतो, पण पोटाखालून हळूहळू चढणारा चटका त्याला वेळेवर उमगतोच असे नाही. त्यांनी मलम दिले आणि पेटीतला भुसा काढून साधा कागद अंथरायला सांगितले. नात मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्या आठवड्यात मी पुस्तके घेऊन बसलो. जन्मभर जे यंत्र हाताळले, त्याची कुळकथा मला ठाऊक नव्हती. ती मोठी गमतीची निघाली, कारण तिचा आरंभ भट्टीपासून होत नाही, अंड्यापासून होतो.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा एक डच कारागीर होता. त्याने कोंबडीविना अंडी उबवण्याची एक पेटी तयार केली. पेटीच्या पोटात मद्यार्काने भरलेले भांडे आणि त्याला जोडलेली पाऱ्याची नळी. पेटी तापली की मद्यार्क फुगे, पारा वर चढे, पाऱ्यावर तरंगणारी काठी वर सरके आणि धुराड्याची झडप मिटे. जाळ मंदावे. पेटी निवली की पारा खाली येई आणि झडप उघडे. माणसाचा हात न लागता जाळाने स्वतःलाच आवर घालावा, अशी ही पहिली ज्ञात युक्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बॉनमँ याने अंडी उबवण्यासाठीच गरम पाण्याच्या नळ्या खेळवल्या आणि दोन निरनिराळे धातू कमीजास्त प्रसरण पावतात, या गुणाचा उपयोग करून भट्टीची हवा कमीजास्त केली.

दोन धातूंची ही करामत त्याआधी जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने साधली होती. समुद्रावर उष्णतामान बदलले की घड्याळ मागेपुढे होई, म्हणून त्याने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडून एक पट्टी केली. पितळ जास्त प्रसरण पावते, पोलाद कमी. तेव्हा तापताच निखाऱ्यावरच्या पापडासारखी पट्टी एका अंगाने वळते. १७५९ साली पुरे झालेल्या त्याच्या तिसऱ्या सागरी घड्याळात ही पट्टी आहे आणि आपल्या घरच्या इस्त्रीत ‘टक्’ असा आवाज करते तीही तिचीच वंशज. ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले स्कॉटिश रसायनज्ञ अँड्रू यूर याने, १८३० साली.

विजेशी त्याची गाठ पडली ती अमेरिकेत, एका शाळेमुळे. विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. तळघरातली भट्टी कमीजास्त करण्यासाठी शाळेचा शिपाई वर्गावर्गांतून फिरून थंडी-गरमी पाहून जाई आणि दर वेळी शिकवणे थांबे. त्याला कंटाळून जॉन्सनने वर्गातली उष्णता विजेच्या घंटेने तळघरात कळवण्याची सोय केली आणि १८८३ साली तिचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी, १८८५ साली, मिनिआपोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ याने घर गार पडताच भट्टीची झडप आपोआप उघडणारी योजना केली. आज जगभर नावाजलेले दोन मोठे कारखाने या दोघांच्या धंद्यातून वाढले.

या साऱ्या इतिहासातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोंबडीच्या अंड्याला एकच एक उष्णता लागते आणि शाळेच्या वर्गालाही तेच पुरते. म्हणून या यंत्राला जन्मापासून एकच शिकवण मिळाली: एक आकडा धर आणि तो सोडू नको. साप या शिकवणुकीत बसत नाही.

साप, सरडे, कासवे यांच्या अंगात स्वतःची ऊब निर्माण होत नाही, असे म्हटले तरी चालेल. उंदीर गिळल्यावर तो पचायला बाहेरची ऊब हवी. ती न मिळाली तर अन्न पोटात कुजते किंवा साप ते ओकून टाकतो. पण सदासर्वकाळ ऊब मिळाली तरीही तो टिकत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली जगातले पहिले सर्पगृह उघडले. त्या थंड, धुकट शहरात उष्ण देशांतले साप जगवायचे म्हणजे घर तापवणे आलेच. पुढे १९२३ साली तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची जबाबदारी जोन प्रॉक्टर या तरुण बाईंकडे आली. प्रकृती जन्माची नाजूक, पण जिद्द अशी की कोमोडो बेटावरच्या प्रचंड घोरपडीला माणसाळवून तिच्याबरोबर फिरत. त्यांच्या कल्पनेतून १९२७ साली नवे सर्पगृह उभे राहिले. त्यात विजेची ऊब सगळीकडे सारखी न पसरवता ठिकठिकाणी कमीजास्त ठेवली होती, शिवाय उन्हातले अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच बसवली होती. जनावराला तापायचे तेव्हा तापता यावे आणि निवायचे तेव्हा निवता यावे, हा हेतू. प्रॉक्टरबाई १९३१ साली, पस्तिशीही न गाठता वारल्या.

यामागचे शास्त्र १९४४ साली पुढे आले. कोल्स आणि बोगर्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी वाळवंटातल्या साप-सरड्यांची तापमाने मोजली. त्यांना दिसले की ही जनावरे हवेच्या तापमानाची गुलाम नाहीत. ऊन-सावलीत जा-ये करून, कधी अंग पसरून तर कधी बिळात शिरून ती आपले अंग हव्या त्या अंशाच्या आसपास राखतात. म्हणजे साप हाच एक थर्मोस्टॅट. फक्त त्याची झडप बाहेर आहे, ऊन आणि सावली यांच्या सीमेवर.

आपल्याकडे साप शास्त्रीय रीतीने पाळू लागले ते हौसेपोटी नव्हे, औषधापोटी. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. सर्पदंशावरच्या औषधासाठी तिथे साप ठेवून त्यांचे विष काढीत. तिथे सापांच्या विषाचा अभ्यास करणारे डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतातल्या सापांवरचे इंग्रजी पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. पुण्याच्या कात्रजचे सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली उभे केले. लंडनमध्ये साप ठेवणे आणि परळला ठेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या हवेत देशी सापाला थोडे ऊन, थोडी सावली आणि एक बीळ मिळाले की त्याचे भागते.

इथेच माझी दुसरी चूक मला दिसली. नातीच्या यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात थंड देशांचे हिशेब होते आणि मी ते डोंबिवलीत जसेच्या तसे लावले होते. लंडनच्या खोलीत पहारेकऱ्याचे मुख्य काम वीज सोडणे. डोंबिवलीत त्याचे मुख्य काम वीज तोडणे. मे महिन्यात आमची खोलीच चौतीस-पस्तीस अंशांवर जाते. तेव्हा मॅटला क्षणभरही वीज मिळता कामा नये. आणि ऊब देणे-न देणे एवढेच या यंत्राच्या हाती आहे, गारवा देणे नाही. गारवा हवा तर दुसरे यंत्र लागते. राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांच्यासाठी सोळा ते अठरा अंशांचा गारवा राखतात तिथेही तत्त्व हेच, फक्त हुकूम उलटा: तापले की यंत्र चालू, निवले की बंद.

आता या पहारेकऱ्याच्या तीन तऱ्हा सांगतो. घरात गीझर आणि इस्त्री असलेल्या कुणालाही त्या समजतील. पहिली तऱ्हा ‘पूर्ण चालू, पूर्ण बंद’ अशी. बत्तीसला वीज तुटते आणि अंशभर उतरले की पुन्हा जोडली जाते. दूध उतू जायला आले की गॅस बंद करावा आणि खाली बसले की पुन्हा मोठा करावा, तसे हे. मधले अंतर मुद्दाम ठेवलेले असते, नाहीतर रिले सारखा टकटक करत राहून झिजेल. दुसरी तऱ्हा पंख्याच्या रेग्युलेटरसारखी: आकडा जवळ येईल तशी वीज कमी कमी होत जाते. उबेसाठी दिवा लावला असेल तर ही बरी, कारण दिव्याची उघडझाप होत नाही. तिसऱ्या तऱ्हेत वीज छोट्या छोट्या झटक्यांनी सोडतात. पेटी गार असताना झटके लांब, तापत आली की आखूड. उजेड न देता तापणाऱ्या चिनीमातीच्या हीटरला किंवा मॅटला ही उत्तम. हिशेबही सोपा आहे. चाळीस वॅटची मॅट दिवसभर अखंड चालली तर जवळजवळ एक युनिट वीज खाते. निम्मा वेळच चालली तर अर्ध्या युनिटाहून थोडी कमी. माझ्या त्या पाच दिवसांत तिने जवळजवळ पाच युनिटे खाल्ली आणि मोबदल्यात एका जिवाला फोड दिले.

तऱ्हा कोणतीही असो, पहारेकऱ्याला फक्त त्याच्या मण्याखालचे कळते. म्हणून आम्ही मांडणी नव्याने केली. मणी मॅटच्या बरोबर वर, तळाशी पक्का बसवला. साप त्याला सरकवू शकणार नाही असा. मॅट पेटीच्या एक-तृतीयांशाहून मोठी ठेवली नाही. मॅटच्या वीजमार्गात दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट थोड्या वरच्या आकड्यावर लावला, कारण रिलेचे टोक चिकटले की पहिला पहारेकरी दार उघडे टाकून झोपतो. कुकरला शिट्टी असतेच, तरी सेफ्टी व्हॉल्व्हही असतो ना? तसेच हे. दोन्ही टोकांना वेगळी तापमापके ठेवली आणि दोन्हीकडे लपायला एकेक जागा, म्हणजे उबेपायी सापाला आडोसा सोडावा लागू नये.

आणि एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नव्हती: रोज सकाळी पेटीच्या तळावर तळहात ठेवून पाहायचे. हे काम नातीने माझ्याकडे दिले. मी ते शिक्षा म्हणून नव्हे, मान म्हणून घेतले.

साप बरा झाला, पण सावकाश. पहिली कात टाकली तेव्हा पोटाखालचा डाग थोडा निवळला. तिसऱ्या कातीनंतर खुणेपुरता राहिला. तो अजून आहे.

याच दिवसांत मला लहानपणची एक सकाळ आठवली. मी सात-आठ वर्षांचा असेन. थंडीचे दिवस. वडिलांबरोबर वीजघराच्या बाजूने रुळांकाठी चाललो होतो. एकाएकी त्यांनी माझा दंड धरून मला थांबवले. समोर खडीवर एक घोणस पडली होती. चांगली जाडजूड, पाठीवर साखळीची नक्षी. वडील हळूच म्हणाले, “बघ, अर्धी उन्हात आहे, अर्धी सावलीत.” आम्ही दूर उभे राहून बराच वेळ पाहत होतो. ऊन सरकले तशी तीही हातभर सरकली. थोड्या वेळाने उठून झुडपात निघून गेली. वडील दिवसभर वीजघरातल्या काट्यांवर नजर ठेवणारे गृहस्थ. जाताना एवढेच म्हणाले, “हिला काटा लागत नाही.”

हे वाक्य मी साठ वर्षे बाळगून होतो आणि पेटी बसवताना नेमका विसरलो होतो. रुळांकाठच्या त्या घोणशीला सरकायला जागा होती. काचेच्या पेटीत आणलेल्या जिवाची ती जागा आपण काढून घेतलेली असते. थर्मोस्टॅट बसवायचा तो तिची भरपाई म्हणून, आणि भरपाई कधीच पुरती होत नाही, हे ध्यानात ठेवून. नातीलाही हे कळले आहे. आणखी एखादा साप आणणार का, असे कुणी विचारले की ती म्हणते, “हा आहे तोवर सांभाळीन, दुसरा नाही.”

यंदाच्या नरकचतुर्दशीलाही पाणी गीझरवरच तापेल. त्यातला थर्मोस्टॅट मीच बदलला आहे आणि तो चोख चालतो. तरी बादली भरली की आमच्या सौभाग्यवती आधी त्यात हात बुडवून पाहतात आणि मगच नातीला हाक मारतात. पूर्वी मी त्यांना हसत असे, “अहो, यंत्र आहे की!” म्हणून. आता मी गप्प राहतो, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पेटीच्या तळावर हात ठेवून येतो.